नाहीसे झालेले आणि मागे राहिलेले

रहस्यकादंबरी वाचणे हा प्राध्यापकाच्या प्रतिष्ठेस शोभणारा उद्योग नव्हे, असे पुष्कळांचे मत आहे. आम्ही मात्र हा अपराध गेली चाळीस वर्षे करीत आलो आहोत, व तो कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. वैशाखात परभणीस जे ऊन पडते त्या उन्हात मिल्टन वाचवत नाही, हा आमचा अनुभव आहे. दारे-खिडक्या लोटून अंमळ अंग टेकावे, आणि हाती असे पुस्तक असावे की ज्याने आपली पाने आपणच उलटून घ्यावीत. ह्या कामी रहस्यकादंबरीची बरोबरी करणारा दुसरा वाङ्मयप्रकार आम्हांस तरी आढळलेला नाही.

यंदाच्या सुटीत आमच्या एका विद्यार्थ्याने अशीच एक कादंबरी आणून दिली. तिचे कथानक थोडक्यात असे, की गोदाकाठच्या एका गावातून एक तरुण शेतकरी एके रात्री नाहीसा होतो. चौकशी होते, थंडावते, दप्तर बासनात बांधले जाते. पंचवीस वर्षांनी एक नवा पोलीस अधिकारी त्या गावी येतो, बासनाची गाठ सोडतो, आणि एकेक धागा उकलीत अखेर एका बुजविलेल्या विहिरीपाशी येऊन थांबतो. विहीर उपसली जाते, हाडे सापडतात, खुनी सापडतो व पुस्तक संपते. लेखक कुशल आहे. ज्याच्यावर वाचकाचा संशय जावा त्याच्यावर तो जातो, व ज्याच्यावर जाऊ नये त्याच्यावर शेवटच्या दहा पानांपर्यंत जात नाही. आम्ही दुपारी एकास सुरुवात केली व दिवेलागणीस पुस्तक मिटले.

पुस्तक मिटले खरे, परंतु मन मिटेना. त्या तरुणास एक बायको होती. तीनशेवर पृष्ठांच्या ह्या ग्रंथात ती सारी तीन वेळा आमच्यासमोर येते. एकदा ती अधिकाऱ्यास चहा देते, एकदा पदर डोळ्यांस लावते, आणि शेवटी हाडे पाहून मूर्च्छित पडते. पंचवीस वर्षे ही बाई कोठे होती, काय खात होती, सणावारी कोणते लुगडे नेसत होती, ह्याविषयी लेखकास अवाक्षर लिहावेसे वाटले नाही. त्याने जे रहस्य उकलले त्याविषयी आमची तक्रार नाही. जे त्याच्या ध्यानीच आले नाही, त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा आमचा मानस आहे.

नाहीसा झालेला माणूस हा कादंबरीकारांचा फार जुना ठेवा आहे. थोर इंग्रज कादंबरीकार डिकन्स १८७० साली निवर्तला तेव्हा त्याच्या मेजावर 'एडविन ड्रूडचे रहस्य' अर्धेच लिहून पडले होते. ड्रूड नाहीसा झाला होता. त्याचा खून झाला की तो कोठे दडून बसला, हे डिकन्सबरोबरच गेले. तेव्हापासून ती कादंबरी पुरी करण्याचे किती जणांनी मनावर घेतले ह्याची मोजदाद करणे कठीण. १९१४ साली तर लंडनमध्ये डिकन्सच्या चाहत्यांनी ड्रूडच्या मामावर लुटुपुटीचा खटलाच भरविला. चेस्टरटन न्यायाधीश झाले, बर्नार्ड शॉ पंचांचे मुखिया झाले, आणि शेवटी न्यायाधीशांनी आपल्याखेरीज साऱ्यांस न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरविले. विनोदाचा भाग सोडला तरी त्यातून एक गोष्ट कळते. अर्धवट राहिलेली गोष्ट माणसास सोसवत नाही. तो खोटा का होईना, पण तिला शेवट जोडतो.

आपल्या महाराष्ट्रास ह्या कामी परक्यांच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही. आमच्याकडील सर्वांत मोठा नाहीसा झालेला पुरुष म्हणजे सदाशिवरावभाऊ पेशवे, आणि त्यांच्या शेवटच्या प्रवासाची पहिली पावले आमच्याच मुलखात पडली आहेत. १७६०च्या फेब्रुवारीत उदगीरची लढाई जिंकून पेशव्यांचे लष्कर परतुरास आले. दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी येऊन पोहोचली होती. अब्दालीच्या पारिपत्यास भाऊसाहेबांनी जावे असे तेथे ठरले, आणि मार्चात लष्कराने उत्तरेचा रस्ता धरला. हे परतूर आता जालना जिल्ह्यात आहे, परंतु १९८१ साली तो जिल्हा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. मनमाडच्या गाडीतून जाताना परतूरचे स्टेशन येते. खाली उतरून पाहावे तर जिन्नस चढतात-उतरतात, कोणी चहा पितो, कोणी भांडतो. लक्षावधी माणसांच्या दैवाची दिशा येथे ठरली, ह्याची खूण तेथल्या धुळीत शोधून सापडत नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले हे मराठी मुलास पाळण्यापासून ठाऊक असते. विश्वासराव पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले व गर्दीत मिसळले. रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. त्यानंतर भाऊसाहेबांस खात्रीने पाहिलेला माणूस मिळत नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने पुढे फारसीत जो वृत्तांत लिहिला, त्याचा हा भाग आमच्या मते जगातील कोणत्याही रहस्यकथेच्या तोडीचा आहे. रणावर एक शिरावेगळे धड सापडते. ते उचलताना खालून मोती निघतात. माहितगार माणसे अंगावरच्या खुणा पाहतात. मांडीवरचा डाग आणि मुजफ्फरखान गारद्याने पूर्वी केलेल्या हल्ल्याचा पाठीवरील व्रण, अशा त्या खुणा. धड भाऊसाहेबांचेच असे ठरते. पुढे शिरही मिळाल्याचे सांगतात, व अग्नी दिला जातो.

कोणत्याही गुप्तहेरास एवढा पुरावा पुरला असता. महाराष्ट्रास मात्र तो पुरला नाही. सावकाराच्या पत्रातून मोती गळाल्याची जी सांकेतिक वार्ता दक्षिणेकडे आली, तिच्यावर विश्वास ठेवण्यास मने धजेनात. भाऊ निसटले, जखमी होऊन कोणा जमीनदाराच्या घरी आहेत, बैरागी झाले, अशा वदंता उठल्या. तिकडे हरियाणात रोहतकजवळच्या सांघी गावी भाऊ येऊन साधू होऊन राहिले अशी समजूत अद्याप आहे, व तेथे त्यांच्या नावाचा डेराही दाखवितात.

अशा हवेत तोतया न उगवता तरच नवल. सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत त्याची चौकशी होऊन लबाडी उघडकीस आली व तो किल्ल्यांवर कैदेत पडला. परंतु गोष्ट तेथे संपली नाही. १७७६ साली रत्नागिरीच्या किल्ल्यावरील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे ह्यांनीच त्यास भाऊसाहेब म्हणून मानले, आणि पाहता पाहता कोकणचे किल्ले त्याच्या हाती गेले. महादजी शिंदे व भिवराव पानसे ह्यांस त्याच्यावर फौज घेऊन जावे लागले. तो पळाला, आंग्र्यांनी धरला, पुण्यास आणून पुन्हा चौकशी झाली, व त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास देहांत शासन झाले. न. चिं. केळकरांनी ह्याच प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक रचले, हे वाचकांस स्मरत असेलच.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. पानिपतास पंधरा वर्षे उलटल्यावर, एकदा खोटा ठरलेला मनुष्य पुन्हा उभा राहतो, आणि किल्लेच्या किल्ले त्यास दरवाजे उघडतात. काही स्वार्थी होते, काही कारभाऱ्यांवर रुष्ट होते, हे खरेच. तथापि केवळ स्वार्थावर एवढे बंड उभे राहत नाही. ज्यांच्या घरचे कोणी ना कोणी पानिपताहून परतले नव्हते अशी ती माणसे होती. भाऊसाहेब परत येऊ शकतात, तर मग आपलाही मनुष्य का येऊ नये? तोतयाचे खरे बळ ह्या प्रश्नात होते, असे आम्हांस वाटते.

बंगाल्यात ढाक्यानजीकच्या भावल जमीनदारीचा मधला कुमार १९०९ साली दार्जिलिंगास वारला व त्याचे दहन झाले, असे सर्वांनी धरले होते. १९२१ साली एक संन्यासी तो कुमार म्हणून उभा राहिला. हा वाद चढत चढत प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला, व १९४६ साली संन्यासी हाच कुमार असा अखेरचा निर्णय लागला. निर्णयानंतर थोड्याच दिवसांत तो मरण पावला. कुमाराच्या पत्नीने मात्र त्यास पती म्हणून कधीही ओळख दिली नाही. न्यायालये त्या मनुष्याविषयी निर्णय देऊ शकली. त्या स्त्रीचे ती विधवा की सुवासिनी, हे तिचे तिनेच ठरविले होते.

हाच धागा आम्हांस पुन्हा पुण्यास आणतो. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पतीबरोबर पानिपतापर्यंत गेल्या होत्या. त्या धुमश्चक्रीतून वाचून त्या देशी परतल्या. पती गेले असे त्यांनी कधी मानले नाही, व वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. धर्मशास्त्राने अशा प्रसंगासाठी मर्यादा घातलेली आहे. बारा वर्षे वाट पाहावी, नंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यास अग्नी द्यावा, म्हणजे गेलेला मोकळा झाला व राहिलेलेही मोकळे झाले. बारा वर्षे १७७३ साली भरली. पार्वतीबाई पुढे १७८३पर्यंत जगल्या, आणि त्यांच्या उत्तरक्रियेबरोबरच भाऊसाहेबांचीही क्रिया झाली असे इतिहासकार सांगतात. म्हणजे बावीस वर्षे एक पेशवाई राज्य, त्याचे शास्त्री, त्याचे कारभारी, एका स्त्रीच्या कपाळावरील कुंकवापुढे थांबून राहिले. तोतयाच्या पारिपत्यास तोफा पाठविता आल्या. ह्या कुंकवापुढे कोणाचा इलाज चालला नाही.

हा सर्व इतिहास आम्ही पुस्तकांतून वाचला. त्याचा अर्थ मात्र आमच्या घरातच आम्हांस कळला, आणि तो कळण्यास फार उशीर लागला.

आमची एक आत्या होती. मानवतजवळच्या एका खेड्यात तिला दिले होते. १९७२च्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला, बैल कवडीमोलाने गेले, तेव्हा तिचे यजमान मुंबईस काम पाहतो म्हणून निघाले. मानवत रोडच्या स्टेशनावर, त्या वेळच्या लहान रुळांच्या गाडीत, आत्याने त्यांस बसवून दिले. त्यानंतर त्यांचे पत्र नाही, मनीऑर्डर नाही, निरोप नाही. मुंबईस जाऊन आमचे वडील दोनदा शोधून आले. आत्या काही वर्षे दिरांच्या घरी राहिली, व पुढे परभणीस आमच्याकडे आली.

तिला अक्षरओळख होती, पण वाचनाने डोळे दुखत. म्हणून शाळकरी वयात आम्ही तिला वाचनालयातून आणलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या गोष्टी मोठ्याने वाचून दाखवीत असू. झुंजार व काळापहाड तिच्या चांगल्या ओळखीचे झाले होते. एकदा अशाच कोणाच्या तरी गोष्टीत हरवलेल्या मनुष्याचे प्रेत शेवटी तळघरात सापडले. आम्ही विजयी मुद्रेने पुस्तक मिटले. आत्या गहू निवडीत होती.

"मग त्याच्या बायकोनं पुढं काय केलं?" तिने विचारले.

"ते पुस्तकात नाही, आत्या."

"मग पुस्तक अर्धंच म्हणायचं की."

आम्ही हसलो. पुढे महाविद्यालयात 'एडविन ड्रूड' शिकविताना अर्ध्या कादंबरीविषयी आम्ही पुष्कळ बोललो, परंतु आत्याचे हे वाक्य आम्हांस तेव्हा एकदाही आठवले नाही.

१९९६ साली आम्ही नुकतेच नोकरीत स्थिर झालो होतो. तिकडे आत्याच्या पुतण्यांनी जमीन वाटून घेण्याचे काढले. नवरा जिवंत की मृत ह्याचा निकाल नसल्याने आत्याचे नाव सातबाऱ्यावर येईना, व वाटा हातचा जाण्याची वेळ आली. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात असे आहे, व २०२३ साली झालेल्या नव्या कायद्यातही ते कायम राहिले आहे, की ज्याची वार्ता स्वाभाविकपणे ज्यांस कळावी त्यांस सात वर्षे ती कळली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. येथे तर चोवीस वर्षे झाली होती. घरात इंग्रजी कायदा समजणारे आम्ही एकटेच. वकिलांच्या सल्ल्याने दाव्याचा मसुदा आम्ही आपल्या हाताने लिहिला, आणि तो चांगला उतरला ह्याचे, खरे सांगावयाचे तर, आम्हांस समाधान वाटत होते.

मसुदा आत्यास वाचून दाखविला. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "यात मी म्हणते म्हणून लिहिलंय की ते वारले. मी असं कधी म्हणले, बाबा?"

आम्ही तिला सात वर्षांचा नियम समजावून सांगितला. पत्र नाही, खबर नाही, मुंबईतला एवढा शोध, असे सारे मुद्दे एकामागून एक मांडले. कादंबरीतला अधिकारी शेवटच्या प्रकरणात मांडतो तसे. आमचे बोलणे संपल्यावर तिने लेखणी मागून घेतली.

"कागद तुमचाय," ती म्हणाली, "कागदावर करते."

न्यायालयात तिला विचारण्यात आले, की पतीस शेवटचे कधी पाहिले. ती सांगू लागली, की गाडी हलली तेव्हा तिने खिडकीतून त्यांच्या हाती छत्री दिली. मुंबईस फार पाऊस असतो असे तिने ऐकले होते. ते म्हणाले, दुष्काळाच्या साली छत्री घेऊन निघालो तर लोक हसतील, तिकडे नवी घेईन, आणि छत्री त्यांनी परत दिली. एवढे सारे लिहून घेण्याचे कारण नव्हते. दप्तरी महिना व साल एवढेच आले.

निकाल लागला. सातबाऱ्यावर एका नावापुढे 'मयत' असे आले व खाली आत्याचे नाव चढले. तिने जमिनीचा वाटा घेतला, तो खंडाने दिला, व दर साली त्याचा हिशेब एका वहीत लिहून ठेवला, कारण ते परत आल्यावर विचारतील असे ती म्हणे. विधवांस मिळणारे सरकारी अनुदान आम्ही पुष्कळदा सांगूनही तिने घेतले नाही. कुंकू पूर्वीप्रमाणेच लावीत राहिली. संक्रांतीस आमच्या गल्लीतल्या बायकांची कोंडी होई. तिला हळदीकुंकवास बोलवावे तर कोणाच्या सासूस रुचत नसे, न बोलवावे तर ती ओसरीवरच बसलेली असे. काही घरांतून बोलावणे येई, काही घरांतून येत नसे. बोलावणे आले तर ती जाई, न आले तर त्याचा उच्चार करीत नसे. बेपत्ता मनुष्याची खरी कहाणी अशा ठिकाणी घडत असते, आणि तेथे कोणताही गुप्तहेर येत नाही.

आता आमच्या म्हणण्याचा निष्कर्ष सांगावयास हरकत नाही. नाहीसा झालेला मनुष्य कोठे गेला, हा एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. तो नाहीसा असताना मागे राहिलेल्यांनी स्वतःस काय म्हणावे, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर रोज सकाळी नव्याने द्यावे लागते. आमचे रहस्यकादंबरीकार पहिल्या प्रश्नावर सारी बुद्धी खर्च करतात. त्यांनी ती जरूर करावी, कारण त्यावाचून आमच्या दुपारी जाणार नाहीत. परंतु वाचकास पुढे काय होणार ह्याची जी हुरहूर लागते, तिचा उगम कोठे आहे हे त्यांनी विसरू नये. ती हुरहूर कोणाच्या तरी घरात खरोखरीची नांदत असते. आम्ही ती सहा तासांपुरती उसनी आणतो. ह्या ऋणाची जाणीव ज्या लेखकास असेल, त्याच्या विहिरीतून हाडे निघाल्यावरही त्याचे पुस्तक संपणार नाही. हाडे घरी आल्यावर त्या बाईने कुंकवाच्या करंड्याचे काय केले, तेथपर्यंत त्यास जावेच लागेल. तशी कादंबरी मराठीत कोणी लिहिली तर आम्ही ती वैशाखापर्यंत थांबवून ठेवणार नाही.

आत्या २०१४ साली गेली. बाहेर पुरुषमंडळी जमली होती. आत बायकांचे बोलणे एकाएकी थांबले, तेव्हा प्रश्न काय उभा राहिला आहे हे आमच्या ध्यानी आले. सासरकडून आलेले एक वयोवृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, "कोर्टाचा कागद झाला होता ना?" आणि त्यांनी आमच्याकडे पाहिले. तो कागद आमच्याच कपाटात होता. मसुदाही आमचाच होता. आम्ही काही बोललो नाही.

थोड्या वेळाने आमच्या मातोश्री उठल्या. त्यांनी पेटीतून हिरवे लुगडे काढले व कुंकवाचा करंडा मागितला.